छोटा भोंगा

आमच्या घरात भांडायचं असेल तर चादरीचं एक टोक धरावं लागतं. हा आजीचा नियम. मोठ्या चादरीची घडी एकट्याने होत नाही, समोर दुसरं माणूस लागतंच. आणि काठाला काठ जुळवायचा तर पुढे यावंच लागतं, मग पोटात राग कितीही असो. "पाठ फिरवून कुणाला घडी घालता आलीय का?" असं आजी विचारायची. आजी गेली, नियम मागे राहिला. म्हणूनच त्या शनिवारी, दुपारी सुनावणी असतानासुद्धा, आमचं सगळं घराणं सकाळपासून लाँड्रीच्या मागच्या खोलीत चादरी धरून उभं होतं.

टेबलावर हॉटेलच्या चादरींचा डोंगर. इस्त्रीच्या वाफेने काचा घामाघूम. एका टोकाला आत्या, या लाँड्रीची मालकीण, बाह्या वर सारलेल्या आणि केसांत कपडे वाळत घालायचा चिमटा खोचलेला (तिला पिन सापडत नाही, चिमटा नेहमी सापडतो). दुसऱ्या टोकाला तिचे थोरले भाऊ, म्हणजे माझे काका. जन्मभर कागदाच्या कारखान्यात बॉयलरवर होते, आता निवृत्त. त्यांनी इस्त्रीचा नवा शर्ट घातला होता आणि तो चुरगळू नये म्हणून हात ताठ ठेवून, परेडला उभं असल्यासारखे घडी घालत होते.

"भाऊ, तू खरंच बोलणार आहेस? त्यांच्या बाजूने?"

"त्यांच्या म्हणजे कुणाच्या गं, बये? ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या बाजूने बोलणं हा आता गुन्हा झाला का?"

"मीठ खाल्लंस. काजळी आम्ही खाल्ली."

"पुढे ये, काठ जुळव," काका म्हणाले.

आत्या पुढे आली. काठ जुळले. डोळे जुळले नाहीत.

प्रकरण असं होतं. नवा नियम आला होता: धुराड्यातून सुटणारी काजळी पकडणारं यंत्र बसवा, नाहीतर बॉयलर बंद करा. आजूबाजूच्या कारखान्यांनी कुरकुरत का होईना, यंत्रं बसवली. आमच्या कारखान्याने मात्र अर्ज केला, आम्हाला आणखी पाच वर्षं सूट द्या. त्यावर सुनावणी होती. आत्याने हरकत घेतली होती. कारखान्याने बोलायला काकांना बोलावलं होतं, कारण धुराड्याखाली आयुष्य काढलेला माणूस "काही होत नाही हो" म्हणाला की ते कानाला बरं लागतं. आणि तो अर्ज लिहिला होता काकांच्याच मुलाने. तो तिथे इंजिनियर झाला त्या दिवसापासून घरात त्याचं नाव साहेबदादा.

साहेबदादा माझ्याबरोबर उशांचे अभ्रे दुमडत होता. वाईट दुमडत होता.

"आत्या, यंत्र बसवायचं तर बॉयलर कितीतरी महिने बंद राहील. पाळीवरची माणसं घरी बसतील. त्यांना काय सांगू? आमच्या आत्याला चादरी बाहेर वाळत घालता येत नाहीत, म्हणून बसा घरी?"

"सांग ना! मी येऊन सांगते हवं तर. बाकीच्या कारखान्यांतली माणसं काय उपाशी मेली?"

"त्यांच्याकडे पैसा होता."

"आणि तुमच्याकडे नवीन गेट बांधायला होता," माझे पप्पा कोपऱ्यातून म्हणाले. पप्पा सगळ्यांत धाकटे. ते आयुष्यात कुणाच्याच बाजूने नसतात, फक्त मधूनमधून खडा टाकतात आणि इस्त्रीच्या वाफेआड जातात.

"तू इस्त्री कर," काका आणि आत्या एकदमच म्हणाले. त्या सकाळी त्यांचं तेवढ्यावरच एकमत झालं.

काकू दाराशी चहाचा ट्रे घेऊन आल्या. सुरुवातीला त्या लेकाच्या बाजूला होत्या. "ताई, पोराची नोकरी आहे हो," एवढंच म्हणून त्यांनी आत्याच्या कपात साखर जरा जास्तच घातली. ही काकूंची लाच.

खोली इतकी तापली होती की मला सहन होईना. भांडण मिटवायचा एकच उपाय मला ठाऊक होता, आणि तो कधी फसला नव्हता. मी अभ्रे खाली ठेवून म्हटलं, "काका, छोट्या भोंग्याची गोष्ट सांगा ना."

"आता? ए टिवटिव, वेळ काय, काळ काय?"

"आताच. तुम्ही अर्धी सांगा, आत्या अर्धी सांगेल."

आत्याच्या ओठांचा कोपरा हलला. मला तेवढं पुरलं.

ही गोष्ट आमच्या घरात कुणी एकट्याने सांगत नाही. कारखान्याचा मोठा भोंगा पाळी बदलताना वाजायचा, लांबलचक, हंबरल्यासारखा. तो सगळ्या गावाचा. छोटा भोंगा आमचा.

"मी नवा नवा लागलेलो," काकांनी सुरुवात केली आणि त्यांचा आवाज लगेच मऊ झाला. "बॉयलरच्या नळ्यांवर काजळी साठते, ती वाफ सोडून उडवावी लागते. मला म्हणाले, ओढ तो खटका. ओढला. आणि वरच्या खिडकीतून बघतो तर काय, काळा ढग निघाला तो सरळ आपल्या आवारावर! आई खाली चादरी वाळत घालतेय. पांढऱ्याशुभ्र. एका दमात सगळ्यांवर देवी आल्यासारखे ठिपके."

"आणि आई वर बघून काय म्हणाली, सांग," आत्या म्हणाली.

"मला कुठे ऐकू येणार वरून?"

"बरं झालं नाही ऐकू आलं. नोकरी सोडली असतीस."

सगळे हसले. काका पुढे म्हणाले, "दुसऱ्या दिवशी खटका ओढायच्या आधी मी भोंग्याचा दोर जरासा, अगदी जरासा ओढला. पूं! शिंक आल्यासारखा."

"आणि आई आवारात थबकली," आत्याने टोक उचलून घेतलं. "हातात ओली चादर. धुराड्याकडे बघितलं आणि म्हणाली, माझ्या पोराने हाक मारली. आणि धावली! मी तिच्यामागे, शेजारच्या बाया आमच्यामागे. बघता बघता अख्ख्या गल्लीतले कपडे आत. मग आला ढग. पण काळं करणार कुणाला? दोऱ्या रिकाम्या!"

"फोरमन विचारायचा, हा भोंगा मध्येच का शिंकतो रे? मी म्हणायचो, दोर अडकतो साहेब. निवृत्त होईपर्यंत दोर अडकतच होता."

"आणि मी," काकू ट्रे छातीशी धरून म्हणाल्या, "मी तर गल्लीच्या त्या टोकाला नुसता एक रुमाल वाळत घालायचे. भोंगा ऐकायला."

"रुमाल!" काका लाजले. एवढा मोठा माणूस, नवा शर्ट घातलेला, चादरीआड तोंड लपवायला लागला.

मलाही आठवतं ते. मी अगदी लहान होते तेव्हा. पूं झालं की सगळीकडून "आला, आला!" अशी ओरड. आत्या उन्हात तापलेली चादर दोरीवरून ओढून माझ्यावरच टाकायची आणि मला चादरीसकट उचलून आत आणायची. आत साबणाचा आणि उन्हाचा वास, बाहेर काचेवर काळे कण. आम्ही पोरं नाकं काचेला लावून बसायचो आणि आजी सांगायची, "थांबा, आभाळ पाटी पुसतंय." पाटी पुसून झाली की सगळे कपडे पुन्हा बाहेर. त्या पळापळीइतकी मजा मला नंतर कुठल्याच खेळात आली नाही.

खोलीतला ताण गेला होता. पप्पासुद्धा वाफेतून बाहेर आले होते. आणि नेमकं तेव्हाच, सगळ्यांना खूश बघून, साहेबदादाही खूश झाला.

"बघा! हेच तर मी अर्जात लिहिलंय. या परिसरातून आजवर काजळीबद्दल एकही तक्रार आलेली नाही. एकही! तोच आपला सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. असं नातं कुठल्या कारखान्याचं असतं?"

आत्या हसत होती, ती हसतच म्हणाली, "अरे वेड्या, तक्रार कशी येईल? तुझा बाप भोंगा वाजवत होता ना!"

आम्ही सगळे पुन्हा हसलो. मग एकेक जण हसायचा थांबला. सगळ्यात आधी आत्या थांबली. बोललेलं वाक्य तिला स्वतःलाच उशिरा ऐकू आलं होतं.

"भाऊ," ती हळूच म्हणाली.

"आता काय?"

"कपडे आत घेत होतो आपण. पण ते घ्यायला बाहेर कोण उभं होतं?"

चादर त्या दोघांच्या मध्ये ताणलेली होती.

"सगळ्यात शेवटी आत कोण यायची, सांग. माझा आत्ताचा खोकला सोड. आईबद्दल विचारतेय. शेवटची चादर निघेपर्यंत ती आत यायची का? पदराने नाक दाबून उभी असायची. शेवटी शेवटी तिला झोपायला उशांची उतरंड लागायची, आणि आपण काय म्हणायचो? वय झालं."

"बये, पुरे."

"चादरी आत घेता येतात रे भाऊ. छाती कुठे आत घेणार?"

काकांच्या हातून टोक सुटलं. चादर जमिनीवर पडली. आमच्या लाँड्रीत पडलेली चादर परत धुवायची असते, हाही आजीचाच नियम. पण ती उचलायला कुणी वाकलं नाही.

बाहेर कारखान्याने पाठवलेल्या गाडीचा हॉर्न वाजला.

*

त्यानंतर काका मोरीत जाऊन तोंड धुवत होते, ते मी दारातून बघितलं. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते त्यांनी मला पुढे सांगितलं. उरलेलं मी ओळखलं, मला ओळखता येतं. त्यांना वाटत होतं, आयुष्यात आपण एकच गोष्ट अशी केली की जिच्याबद्दल कुणाला हिशोब द्यावा लागू नये. बढती साध्या साध्या कामांसाठी मिळाली. ही गोष्ट कारखान्यात कधी कुणाला सांगताही आली नाही, म्हणून ती जास्तच आपली होती. आणि आज बहिणीने तीच उलटी करून दाखवली. आतून तिला वेगळाच रंग होता.

काकूंनी रुमाल पुढे केला. "चला, गाडी थांबलीय."

"तू येतेस ना?"

"येते. पण गाडीतून नाही. ताई चालत जाणार आहेत, मी त्यांच्याबरोबर जाते."

"म्हणजे तूसुद्धा?"

"तुमचा भोंगा ऐकून मी या घरात आले," काकू म्हणाल्या. "आता एवढी वर्षं झाली, थोडं मलाही ऐका."

पप्पा सायकल काढत होते. "मी सायकलने येतो. म्हणजे कुणाच्याच बाजूला नाही."

"नाहीतरी तुझी चेन पडलेलीच असते," आत्या म्हणाली, आणि खरंच पडलेली होती. पप्पा आमच्याबरोबर चालत आले. नाइलाजाने का होईना, आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूला.

*

सभागृहात पंखे वाजत होते. सुनावणी घेणाऱ्या बाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर होता आणि त्या प्रत्येकाचं पूर्ण ऐकून घेत होत्या, म्हणून आधीच उशीर झाला होता. साहेबदादा पहिल्या रांगेत कारखान्याच्या वकिलाशेजारी बसला होता. बापाला व्यासपीठाकडे जाताना बघून त्याला शाळेतला बक्षीस समारंभ आठवला. तेव्हा बाप खाली बसायचा आणि हा वर जायचा. त्याने हळूच शर्टाची कॉलर नीट केली. स्वतःची. बापाची करता येत नव्हती म्हणून.

"बोला," बाई म्हणाल्या.

काकांनी घसा खाकरला. "मी या कारखान्यात बॉयलरवर होतो. कारखान्याने मला काही कमी केलं नाही. आजही माझा मुलगा तिथे आहे, मला त्याचा अभिमान आहे. अर्जात त्याने लिहिलंय की एकही तक्रार नाही. ते खरं आहे. तो खोटं लिहीत नाही."

वकिलाने मान डोलावली. दादाने खांदे सैल सोडले.

"तक्रार नाही, कारण मी येऊ दिली नाही," काका म्हणाले.

आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच एकट्याने. आत्या नव्हती टोक उचलायला, काकूंचा रुमाल नव्हता, म्हणून ती फार लहान झाली. दोर, शिंक, गल्ली, रिकाम्या दोऱ्या. कुणी हसलं नाही.

"मला वाटायचं, मी लोकांना वाचवतोय. मी फक्त चादरी वाचवल्या, बाई. लोक तिथेच उभे होते."

"आणि तुम्ही निवृत्त झाल्यावर? तेव्हाही तक्रारी नाहीत."

"तेव्हा लोकांनी बाहेर वाळत घालणंच सोडलं. सवय हो. आम्ही त्यांना तक्रार न करायची सवय लावून ठेवली होती."

दादा उठून उभा राहिला. "बाबा, तुम्ही मला कधी..." असं म्हणाला आणि पुढे काय म्हणायचं ते त्याला सुचेना. कारण ती गोष्ट तो पाळण्यात असल्यापासून ऐकत आला होता.

वकील उठला. "बाई, ही भावनेची गोष्ट आहे. एका माणसाची आठवण म्हणजे पुरावा नव्हे."

बाईंनी चष्मा वर सरकवला. "आठवण मी नोंदवून घेते. पण वकील म्हणतात ते बरोबर आहे, नुसत्या आठवणीवर निर्णय देता येत नाही. आज तिथे काय पडतं, ते दाखवणारं काही असेल तर सोमवारी घेऊन या. तोवर निर्णय राखून ठेवते."

बाहेर पायऱ्यांवर काका मुलासाठी थांबले होते. दादा त्यांच्याजवळून गेला. त्याने थेट काकांकडे बघितलं नाही. "माझी पाळी आहे," एवढंच म्हणाला.

"डबा तरी घे," काकू म्हणाल्या.

"भूक नाही."

*

घरी आलो तर चादर अजून जमिनीवरच होती. आत्याने ती उचलली, स्वतः धुतली, नीळ दिली आणि एक टोक काकांच्या हातात दिलं. दोघांनी ती आवारात नेली. किती वर्षांनी त्या दोरीवर काही चढलं! दोरी गंजलेल्या खिळ्यांवरून कुरकुरली. काकूंनी कुंपणावरून हाका मारल्या, बाई काय म्हणाल्या ते सांगितलं, आणि मग शेजारच्या आवारात एक चादर आली, त्यापलीकडे एक टेबलाचं कापड, गल्लीच्या टोकाला कुणाचा तरी शाळेचा शर्ट. काकूंनी आत जाऊन एक रुमाल आणला.

"आता?" मी विचारलं.

"आता वाट बघायची," काका म्हणाले. "पण खरं सांगू का, आता वेळ ठरलेली नाही. पुष्कळदा अंधार पडल्यावर उडवतात, म्हणजे दिसत नाही. सकाळी चादर काळी निघाली, तर वकील विचारेल, ही कुठली काजळी? शेकोटीची? कुणी बघितली?"

"साहेबाला विचार ना," पप्पा म्हणाले.

"तो आता मला काही सांगणार नाही."

ऊन पिवळं झालं होतं. धुराडं आभाळात एकटं उभं होतं. चादर वाऱ्याने फुगायची आणि बसायची. आत्या मधूनमधून खोकत होती, आणि दर वेळी काका तिच्याकडे न बघता तिच्या बाजूला थोडे सरकत होते. माझ्या मनात आलं, आजीला हे सगळे एका दोरीजवळ उभे बघून काय वाटलं असतं? म्हणाली असती, उभे काय राहिलात, चिमटे द्या.

आणि तेव्हा आवाज आला.

पूं.

इतका छोटा की पहिल्यांदा मला वाटलं, तो मला नुसता आठवलाय. पण काकूंचा हात तोंडावर गेला होता. आत्याचे पाय तर निघालेसुद्धा. शेजारच्या आवारातल्या बाया, पलीकडच्या, त्यापलीकडच्या, सगळ्या आपापल्या दोरीकडे धावल्या. एवढी वर्षं गेली होती, पायांना कुणी काही सांगावं लागलं नाही.

"थांबा!" काका ओरडले. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "कुणी हात लावू नका! सगळ्यांनी हात मागे!"

आम्ही हात मागे बांधून उभे राहिलो. शाळेत शिक्षा झाल्यासारखे, सगळी गल्ली.

"दोर अडकला असेल," पप्पा पुटपुटले.

"आता दोर नाही तिथे," काका धुराड्याकडे बघत म्हणाले. "बटण आहे. बटण अडकत नाही." आणि त्यांचा नवा शर्ट एकदम चुरगळला, कारण काकूंनी त्यांचा दंड घट्ट धरला होता.

ढग निघाला. चढला, वळला, आणि सावकाश आमच्याकडे उतरू लागला. पहिला कण चादरीच्या मधोमध बसला. मग दुसरा. आत्याच्या पाठीमागे तिची बोटं एकमेकांत गुंतून पांढरी पडली होती. मी पप्पांचा मोबाइल काढून फोटो घेत राहिले. धुराडं आणि चादर एकाच चौकटीत येतील असे. थोड्याच वेळात चादरीवर आभाळाने सगळी पाटी पुसून टाकली.

"आता काढू?" आत्याने विचारलं. तिचा आवाज बसला होता. "सोमवारी न्यायचीय, नीट घडी घालायला हवी. धर ते टोक."

काकांनी मान हलवली.

"पाळी सुटली की तो घरी येईल. ही घडी मी त्याच्याबरोबर घालणार आहे. तोपर्यंत असू दे दोरीवर."